जुनी फोर बाय फोर घेताय? आधी गाडीखाली झोपून बघा

मे महिना संपत आला की कोणी ना कोणी विचारतंच, ऑफरोडिंगला जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) घ्यायचीय, बजेट चार-पाच लाख, ही कशी वाटते? सोबत फोटो. आणि फोटोत बहुतेक वेळा एकाच साच्यातली गाडी, मॅट काळा नाहीतर मिलिटरी हिरवा कलर, अंगापेक्षा मोठे टायर, पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर विंच (रुतलेली गाडी दोराने ओढायची मोटर), टपावर लाइट. खाली लिहिलेलं "फुल्ली मॉडिफाइड, एक रुपयाचं काम नाही". माझं उत्तर ठरलेलं असतं, ही सोड, कंपनीतून निघाली तशीच असलेली, दिसायला जरा कंटाळवाणी गाडी शोध.

कारण साधं आहे, मॉडिफाय केलेली जुनी गाडी म्हणजे आधीच्या मालकाची हौस तुम्ही पैसे देऊन विकत घेता, आणि ती गाडी त्याने कुठे कुठे आपटलीय ते तुम्हाला माहीत नसतं. मोठे टायर लावले की अ‍ॅक्सल, बेअरिंग, स्टिअरिंग, ब्रेक सगळ्यावर जास्तीचा लोड येतो, वायरिंग तर कोणीतरी रात्री बसून टेप गुंडाळून जोडलेलं असतं. वर कायद्याची भानगड वेगळीच, ती खाली सांगतो.

हे सगळं नवीन माणसासाठी लिहितोय, ज्यांनी गाड्या खोलून परत बांधल्यात त्यांनी पुढे सरकावं.

आधी ठरवा, चालवणार कुठे

गाडी बघायच्या आधी हे ठरवा की ही घरातली एकच गाडी असणार आहे की दुसरी. एकच असेल, आई-बाबांना त्यातच बसायचंय, महिन्यातून दोनदा कोल्हापूरला जायचंय, तर जिप्सी किंवा जुनी जीप घेऊ नका, घरात रोज बोलणी खाल. पाट्याची (लीफ स्प्रिंगची) गाडी आहे, खड्ड्यात उडते, हायवेला ऐंशीच्या पुढे आवाज एवढा की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं, एसी बऱ्याच गाड्यांत नाहीच. दुसरी गाडी म्हणून घेत असाल तर मग हेच सगळं मजेचं वाटतं.

दुसरं म्हणजे जमीन. मुळशी-ताम्हिणी बाजूला, भंडारदऱ्याकडे, घाटमाथ्यावर दगड आणि निसरडे चढ जास्त, तिथे ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते) आणि लो रेंज (हळू पण जोरात ओढणारा गिअर, पुढे सांगतो) लागते. मराठवाड्यात, सोलापूरकडे काळ्या मातीत पावसाळ्यात टायरच्या खाचा दोन मिनिटात भरून गुळगुळीत होतात, तिथे हलकी गाडी कधीही बरी, जड गाडी रुतली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. आणि कोकणात समुद्राच्या वाळूत गाडी घालायचं डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका. दर सिझनला बीचवर रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या येतात, भरती चढते, पोलीस केस होते, आणि खारं पाणी एकदा चेसीत (खालच्या लोखंडी सांगाड्यात) गेलं की पत्रा आतून खायला सुरुवात होते. अभयारण्य आणि राखीव जंगलात पण परवानगीशिवाय गाडी घालायची नाही.

आता फोर बाय फोर म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या, कारण विकणारा कशालाही फोर बाय फोर म्हणतो. आपल्याला हवी ती जुन्या पद्धतीची, म्हणजे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) वेगळा, त्याचा लिव्हर (किंवा बटण) वेगळं, टू हाय (फक्त मागची चाकं), फोर हाय (चारही) आणि फोर लो (चारही, पण हळू). फोर लो मध्ये गाडी साधारण दोन ते अडीच पट हळू चालते आणि तेवढीच जोरात ओढते, दगडावरून मुंगीच्या चालीने उतरता येतं, क्लच जळत नाही. ऑल व्हील ड्राइव्ह वाल्या गाड्यांना बहुतेक वेळा हे लो नसतं. २०१४ ला आलेली डस्टर एडब्ल्यूडी त्यातल्या त्यात चांगली, लो रेंज नाही पण पहिला गिअर मुद्दाम खूप शॉर्ट दिलाय, त्यामुळे कच्चा रस्ता, चिखल, फॅमिली सगळं जमतं. एकच गाडी हवी असेल तर हिचा विचार जरूर करा, दगडधोंड्यात मात्र हिला नेऊ नका.

कुठली गाडी

जिप्सी. हिच्यावर सगळ्यात जास्त बोलणार, कारण नवशिक्यासाठी मला अजूनही हीच बरी वाटते. १९८५ ला आली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ ला १२९८ सीसीची किंग आली, २००० च्या सुमारास एमपीएफआय (कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन) झाली आणि ताकद ८० हॉर्सपॉवरच्या आसपास गेली. घ्यायची तर एमपीएफआय किंगच घ्या. वजन जेमतेम टनभर, क्लिअरन्स २१० मिलीमीटर, पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल आणि पाटे. हलकी असल्यामुळे रुतली तरी चार माणसं ढकलून काढतात, थारच्या बाबतीत असं होत नाही. लष्कराकडे इतक्या जिप्स्या होत्या की पार्ट अजूनही मिळतात, आणि खोलायला सोपी. वाईट गोष्टी दोन, एक म्हणजे पेट्रोल पिते, लिटरला दहाच्या आसपास मिळालं तर खूश व्हायचं, ट्रेलवर त्याहून कमी. दुसरी म्हणजे पत्रा. जिप्सीचा पत्रा सडतो, फ्लोअर, मागच्या चाकांच्या वरचा भाग, काचेच्या फ्रेमचा खालचा कोपरा. कार्ब्युरेटरवाली जुनी घेत असाल तर आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आणि पॅकिंग लवकर खराब होतात हे धरून चाला, पाइप सगळे बदलून घ्यायचे.

मग महिंद्राच्या जुन्या जीपा. एमएम ५४०, एमएम ५५०, मेजर, सीएल वगैरे. एमएम ५४० मध्ये प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल यायचं, आवाज आणि धूर भरपूर, पण गावातला कुठलाही फिटर डोळे झाकून इंजिन बांधेल. दिसायला या गाड्या कमालीच्या देखण्या आणि कागदांच्या बाबतीत सगळ्यात धोक्याच्या. अर्ध्या गाड्यांची बॉडी एकीची, चेसी दुसरीची, इंजिन तिसरीचं. उत्तरेत मंडी डबवालीकडे नव्या बॉडीच्या जीपा बांधून मिळतात, त्या इकडे पण येतात, चमकतात नवऱ्या मुलासारख्या, पण आरसी बघायला गेलं की त्यावर भलत्याच गाडीचं वर्णन निघतं. पहिली गाडी म्हणून ही घेऊ नका असं मी सरळ सांगेन, जोपर्यंत तुमच्या ओळखीच्या माणसाकडे वर्षानुवर्षं असलेली मिळत नाही.

जुनी थार, म्हणजे २०१० ते २०२० या काळातली, नाशिकला बनायची ती. यात डीआय (साधं डिझेल) आणि सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) असे दोन प्रकार. डीआय टू व्हील ड्राइव्हमध्ये पण यायची, त्यामुळे "थार आहे म्हणजे फोर बाय फोर असणारच" हे चुकीचं. सीआरडीई घ्या, २४९८ सीसी, १०५ हॉर्सपॉवर, २४७ न्यूटन मीटर टॉर्क, लो मध्ये टाकली की काहीही चढते. २०१५ च्या फेसलिफ्टनंतरच्या गाड्यांत मागच्या डिफरेन्शिअलला (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गोळा) आपोआप लागणारं लॉक मिळतं, एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढतं, त्या थोड्या जास्त पैशात पण घ्याव्यात. हिचं पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात, जिप्सीसारखा सॉलिड अ‍ॅक्सल नाही, त्यामुळे खड्ड्यात चाक लवकर हवेत जातं. हूड गळतो. सगळ्यांचा गळतो. पण पार्ट आणि मेकॅनिक तालुक्याला सुद्धा मिळतो हा मोठा फायदा.

गुरखा, फोर्सची, पुण्याची कंपनी. २०१३ नंतरच्या मॉडेलला पुढे आणि मागे दोन्ही डिफरेन्शिअल लॉक मिळतात, या पैशात दुसरी कुठलीच गाडी हे देत नाही. इंजिन जुन्या मर्सिडीज डिझाइनचं, हळू पण दणकट. विकायला कमी येतात आणि फिटिंगची क्वालिटी यथातथा, पण तुम्हाला खरोखर दगडातच खेळायचं असेल तर आधी हिला शोधा.

सफारी आणि स्कॉर्पिओ फोर बाय फोर, या फॅमिलीवाल्यांसाठी. आरामदायक, एसी, डिक्की. ट्रान्सफर केस बटणावर चालतो आणि जुन्या गाडीत ती इलेक्ट्रिक मोटर किंवा वायरिंग गेलेलं असायची शक्यता खूप, कारण मालकाने वर्षानुवर्षं बटण दाबलेलंच नसतं. जड आणि लांब गाड्या आहेत. पजेरो, एंडेव्हर जुन्या आता स्वस्तात दिसतात, भुलू नका, एकेका पार्टचा भाव ऐकून स्वस्ताई विसराल.

यातली कुठली घ्यायची याचा माझा खरा नियम वेगळाच आहे. तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर कुठल्या गाडीचा चांगला मिस्त्री आहे ते बघा आणि ती गाडी घ्या. जुनी फोर बाय फोर महिन्या-दोन महिन्यांनी गॅरेजला जाणारच आहे.

कागद घरी बसून तपासा

गाडी बघायला जायच्या आधी नंबर मागा आणि परिवहनच्या साइटवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर टाका. आरसी अ‍ॅक्टिव्ह आहे का, रजिस्ट्रेशन कधीपर्यंत, लोन आहे का, ब्लॅकलिस्ट आहे का, इन्शुरन्स, चलन, सगळं दिसतं. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याची गाडी बघायला पेट्रोल जाळू नका.

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यानंतर दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून रिन्यू करायचं, फॉर्म २५. २०२२ पासून कारची ही फी ५,००० रुपये झालीय, २० वर्षांच्या पुढच्या गाडीला त्याहून जास्त, आणि वर पर्यावरण कर. म्हणजे २००९ ची गाडी बघत असाल तर रिन्यू झालीय का हा पहिला प्रश्न. "करून देतो, आपला एजंट आहे" याला काही अर्थ नाही, रिन्यू करून दे मग पैसे घे म्हणायचं. २०१९ च्या एप्रिलच्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट बसवलीय का ते पण बघा, ती बसवायला आरसीवरचे चेसी आणि इंजिन नंबर बरोबर लागतात, त्यामुळे प्लेट असणं ही चांगली खूण आहे.

दिल्ली पासिंगच्या गाड्या खूप स्वस्त दिसतात, कारण तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असते. गाड्या कधीकधी खरंच चांगल्या असतात, पण तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) हातात असल्याशिवाय टोकन सुद्धा द्यायचं नाही, आणि इकडे आणल्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरायचाय तो हिशोबात धरा. तो धरला की बऱ्याचदा इकडचीच गाडी परवडते.

आणि मॉडिफिकेशनचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हे स्पष्ट केलंय. लोखंडी बुल बार (पुढचा जाड बंपर गार्ड) तर डिसेंबर २०१७ पासून केंद्राने अवैधच म्हटलेत. त्यामुळे इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर ती गाडी रिन्यूला अडकते, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. मी तरी ती फुकट मिळाली तरी घेणार नाही.

गाडी बघायला जाताना

जुने कपडे घाला. एक चटई किंवा पोतं, मोबाइलचा टॉर्च, छोटा हातोडा किंवा जाड स्क्रू ड्रायव्हर, पेन्सिल, कोरा कागद. आणि मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नको. पोचल्यावर पहिलं काम, बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तो काहीतरी लपवतोय, बहुतेक थंड गाडी स्टार्ट होत नाही किंवा धूर मारते. अशा वेळी चहा घ्या आणि तासाभराने परत बघा, किंवा सरळ निघा.

मग चेसी नंबर. प्लेटवरचा नाही, चेसीच्या लोखंडावर ठोकलेला. तिथली माती-ग्रीस पुसायचं, कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची, नंबर कागदावर उमटतो. आकडे एका ओळीत आहेत का, एकाच मापाचे आहेत का, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या रेघा किंवा वेल्डिंग आहे का ते नीट बघा, आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. बोटाने सुद्धा कळतं, घासलेली जागा बाजूच्यापेक्षा खोलगट लागते. लिलावातून बाहेर आलेल्या लष्कराच्या गाड्यांना तर हे करायचंच करायचं.

आता खाली झोपा. वरच्या कलरकडे बघण्यात जेवढा वेळ घालवाल त्याच्या तिप्पट खाली घालवा. चेसीच्या दोन्ही लांब पट्ट्या पुढून मागेपर्यंत हातोडीने हलकं ठोकत जा, चांगल्या लोखंडाचा आवाज टणक येतो, सडलेल्याचा बद्द येतो. पाट्यांचे हँगर जिथे चेसीला जोडलेत तिथे गंज आणि भेगा जास्त. ताजा काळा कलर खाली मारलेला दिसला तर संशय घ्या, खाली कलर कोणी हौसेने मारत नाही. पाटा तुटलाय का, बुश गेलेत का, शॉकअप्सवर ऑइल आलंय का. पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला चाकाजवळ जो गोल नकल असतो तिथे ऑइल आणि ग्रीसची पेस्ट बाहेर आली असेल तर सील गेलेत, जिप्सीत हे कॉमन आहे, भाव कमी करायला उपयोगी.

आणि एक गंमत बघा, पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) आहे का? हसू नका, मायलेज वाढतं म्हणून किंवा आवाज करत होता म्हणून लोक तो काढून ठेवतात आणि मग "शेडमध्ये कुठेतरी आहे" म्हणतात. आतला लिव्हर मात्र जागच्या जागी असतो, त्यामुळे वरून बघून काही कळत नाही.

डिफरेन्शिअलचा वरचा फिलर बोल्ट खोलायला मालक तयार असेल तर बोट घालून ऑइल बघा. काळपट ठीक, दुधाळ म्हणजे आत पाणी गेलंय, चकचकीत लोखंडाची कणी म्हणजे आतले दात जातायत, तो खर्च मोठा.

इंजिन. थंड स्टार्ट एक-दोन सेल्फमध्ये व्हायला हवं. चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा, थोडीशी वाफ चालते, पण भस्सकन धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन बांधायला आलंय. डिझेलला काळा धूर पंप-नोझलचं काम, निळा म्हणजे ऑइल खातेय. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा, आत गंजाचं तांबडं पाणी असेल तर कूलंट कधी घातलंच नाही. हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा, गाडी लगेच बंद पडली पाहिजे, इंजिन फिरत राहिलं तर क्लचप्लेट संपलीय. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला, खाचा कितीही खोल असल्या तरी सहा-सात वर्षांच्या पुढचं रबर कडक झालेलं असतं.

फोर बाय फोर खरंच लागतं का

याची ट्रायल डांबरी रस्त्यावर नाही घ्यायची. पार्ट टाइम (लिव्हरने हवी तेव्हाच लागणारी) फोर बाय फोर कोरड्या कडक रस्त्यावर वळवली की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना ताणतात, काहीतरी तुटतं. मोकळं मैदान, नांगरलेलं शेत, नाहीतर खडीचा ढीग शोधा.

हब (पुढच्या चाकांच्या मधलं, चाक शाफ्टला जोडणारं लॉक) मॅन्युअल असतील तर उतरून दोन्ही लॉक करा, ऑटो असतील तर फोर हाय टाकून थोडं पुढे घ्या. मित्राला बाहेर उभं करा, मागची चाकं मऊ मातीत फिरतील अशी जागा बघा, पुढची चाकं स्वतः ओढतात का ते त्याने बघायचं. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवली की गाडी अडखळल्यासारखी, जड वाटायला हवी, ती वाटली म्हणजे पुढे ताकद जातेय. मग गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, फोर लो. लिव्हर जाम असेल तर जोर लावू नका, मालकालाच लावू दे.

आता सगळ्यात महत्त्वाची टेस्ट जी कोणी करत नाही. फोर लो, पहिला गिअर, उतारावर सोडा, ब्रेकवर पाय नाही, अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, फक्त इंजिनवर गाडी उतरू दे. हात लिव्हरपासून लांब. मध्येच खट्ट आवाज होऊन लिव्हर न्यूट्रलला उडाला तर ट्रान्सफर केस झिजलाय, आणि हेच खऱ्या घाटात झालं तर गाडी एकदम मोकळी सुटते. म्हणून हे करताना उतार छोटा, खाली सपाट मैदान, आणि ब्रेक आधी तपासलेले. चांगला असेल तर गाडी घरघर करत एका स्पीडने उतरते.

परत टू हाय ला आणून रस्त्यावर चाळीस ते साठ पर्यंत न्या, खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग थडथड उडायला लागलं तर किंगपिन, टाय रॉड, बेअरिंग यातलं काहीतरी गेलंय. जीप-जिप्सीत हे दुरुस्त होतं, पण आधी मिस्त्रीला दाखवून आकडा घ्या.

भाव आणि पहिले दोन महिने

पाच लाख असतील तर गाडी पावणेचारची शोधा. उरलेले पैसे पहिल्या दोन महिन्यांत जाणारच आहेत. गाडी नावावर ट्रान्सफर करायला फॉर्म २९ आणि ३०, लोन असेल तर फॉर्म ३५ वर बँकेचा शिक्का, आणि आरसी आपल्या नावावर होईपर्यंत थोडी रक्कम अडवून ठेवायची, चांगला विकणारा याला नाही म्हणत नाही.

गाडी घरी आली की लगेच ट्रेलवर न्यायची नाही. आधी सगळी ऑइलं बदला, इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरेन्शिअल, आधीचा मालक "आत्ताच बदललंय" म्हणाला तरी. ब्रेकचे होज, फ्लुइड, कूलंट, बेल्ट, बॅटरी. डिफरेन्शिअलच्या ब्रीदरचे (आतली हवा ये-जा करायच्या भोकाचे) पाइप वर बॉनेटमध्ये नेऊन बांधा, दोन-चारशे रुपयांचं काम आहे, ओढ्यात गाडी घातल्यावर गरम डिफरेन्शिअल थंड होऊन पाणी आत खेचतो ते थांबतं. टायर एटी (ऑल टेरेन) घ्या, एमटी (चिखलाचे, मड टेरेन) आत्ता नको, आणि साइज कंपनीचीच ठेवा.

विंच नको, लाइट नको. दोन चांगले टो पॉइंट, लवचीक रिकव्हरी स्ट्रॅप, दोन डी-शॅकल (स्ट्रॅप अडकवायच्या लोखंडी कड्या), हवा भरायचा छोटा पंप आणि प्रेशर गेज एवढं घ्या. मऊ मातीत टायरचं प्रेशर १८-२० पीएसआय वर आणलं की अर्धी रुतलेली गाडी आपणहून निघते, मग रस्त्यावर यायच्या आधी परत भरायचं. स्ट्रॅप बंपरला किंवा टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच अडकवायचा नाही, चेसीला बोल्ट केलेल्या हुकलाच, बॉल तुटला तर गोळीसारखा उडतो आणि ओढताना बघ्यांना लांब उभं करायचं. पहिल्या पावसाळ्यात एकटं जाऊ नका, मागे दुसरी फोर बाय फोर असूच दे, आणि ओढ्यात गाडी घालायच्या आधी काठी घेऊन एकाने चालत जाऊन पाणी बघून यायचं. गुडघ्याच्या वर पाणी असेल, तळ दिसत नसेल किंवा ओढ जोरात असेल तर गाडी वळवा, पलीकडची मिसळ पुढच्या रविवारी.